बायकांच्या पिंपातला दुभाषी

१

पिंपाभोवतीचा पडदा बाहेरून बांधलेला होता. सकाळी पाणी बदलायला आलेल्या बायकांनी गाठ सोडली, पडदा सारला, आणि पाण्यावर फुगून आलेला काळा झगा पाहून त्यांनी अशी किंकाळी फोडली की खाली धक्क्यावर जाळी झटकणारे कोळीसुद्धा टेकडी चढून धावत आले.

राद्स्लावा पोचली तेव्हा प्रेत बाहेर काढून गवतावर ठेवलं होतं. फादर यारोस. कालपर्यंत ड्राविन गावात सगळ्यात जास्त बोलणारा माणूस.

ओकच्या झाडाखाली तीन मोठी पिंपं गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेली होती. एक पुरुषांचं, एक बायकांचं, एक मुलांचं. जर्मन मुलखातून आलेला म्हातारा बिशप एबरहार्ट त्यांत गावाला बाप्तिस्मा देत होता. बिशपला गावाची बोली येत नव्हती, गावाला बिशपची. मधे उभा राहायचा तो यारोस. बिशप बोलायचा, यारोस सांगायचा. गाव कुरकुरायचं, यारोस तेही सांगायचा. बायकांच्या पिंपाभोवती चारी बाजूंनी जाड पडदे होते, आणि यारोस त्यांच्या आत कधी पाऊल टाकत नसे. बाहेरूनच प्रार्थना म्हणायचा, तीही पाठ वळवून. गावातल्या बायका त्यावरून त्याची टर उडवत.

आणि तोच माणूस बायकांच्या पिंपात मेला होता.

राद्स्लावाने गुडघे टेकून पाहिलं. डोक्याला खोक नव्हती. पण झग्याची कॉलर मागून उसवली होती, आणि दोन्ही खांद्यांवर बोटांचे काळेनिळे वळ होते.

"पाय घसरला असेल बिचाऱ्याचा," एक बाई म्हणाली.

"घसरला असेल," राद्स्लावा म्हणाली. "मग बुडाल्यावर बाहेर येऊन पडदा बांधून गेला का?"

तेवढ्यात घोड्यांच्या टापा वाजल्या. नदीपलीकडच्या छावणीतून पोलंडच्या राजाचा सरदार पाकोस्लाव आला होता. उंच, गोरा, नाकावर जुन्या जखमेची रेघ. त्याने घोड्यावरूनच प्रेताकडे पाहिलं.

"काल भर बाजारात तुमच्या जुन्या देवळातला तो पुजारी, नेमिर, काय ओरडत होता? जो हे पाणी ढवळेल तो ह्यातच बुडेल. ओरडत होता की नाही?"

 सगळ्यांनीच ऐकलं होतं.

"उद्या ऊन डोक्यावर येईपर्यंत नेमिर माझ्या हातात हवा. नाहीतर गेल्या खेपेला फक्त खालची आळी जाळली होती, यंदा वरचीही जाळीन."

गावकऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. अर्धं गाव अजून नेमिरचं होतं. त्याला धरून द्यायला गेलं तर पाकोस्लावच्या आधी गावातच सुरे निघाले असते.

"तो काय म्हणतोय?" गर्दीच्या मागून बिशपने विचारलं. जर्मनमध्ये. त्याने पुन्हा विचारलं, "कोणी सांगेल का मला, तो काय म्हणतोय?"

सांगणारा गवतावर पडला होता. बिशप आंधळ्यासारखा सगळ्यांच्या तोंडाकडे पाहत राहिला.

राद्स्लावा उठली आणि वीस वर्षांत चारचौघांत न बोललेल्या भाषेत म्हणाली, "तो म्हणतोय, उद्या दुपारी तो आमचं गाव जाळणार आहे."

२

"तुला माझी भाषा कशी येते?" तंबूत बसल्यावर बिशपने विचारलं.

"आईची भाषा. माझ्या बापाने दुसरं लग्न तुमच्याकडे केलं."

बिशपला कळायला थोडा वेळ लागला. "म्हणजे तू राजाची..."

"सावत्र बहीण. इथल्या सरदाराला दिली, तहाच्या वेळी. तह मोडला. परवाच्या हिवाळ्यात दलदल गोठल्यावर माझ्या भावाचं सैन्य आलं, आणि माझा नवरा गावाच्या वेशीत पडला. म्हणून मी तुमच्या पिंपांकडे फिरकले नाही."

बिशपने तिच्यापुढे पाण्याचा प्याला सरकवला. सांत्वनाचं काही बोलला नाही, हे तिला बरं वाटलं.

"ताईसाहेब म्हणून पाकोस्लाव तुझं ऐकेल?"

"नेमिर नसेल तर खरा माणूस दाखव म्हणेल. तेवढंच ऐकेल."

"मग शोध," म्हातारा म्हणाला. "यारोसचा खुनी मलाही हवा आहे. पण खराच हवा आहे."

"शेवटचं काय बोलला तो तुमच्याशी?"

बिशपने डोळे मिटले. "काल जेवण झाल्यावर आला. म्हणाला, उद्या सकाळी तुम्हाला एक कठीण गोष्ट सांगायची आहे. मी म्हटलं, आत्ताच सांग. तर म्हणाला, नको, आधी ज्याच्यावर घाव पडणार त्याला सांगू दे. एकदम सगळ्यांसमोर घाव घालणं बरं नाही. आणि उतरत्या उन्हात निघून गेला."

"कुणाकडे?"

"मी विचारलं नाही. दमलो होतो."

राद्स्लावा घरी आली तेव्हा चुलीवर राय धान्याची पेज उकळत होती आणि तिची पुतणी यास्ना एवढंसं तोंड करून बसली होती. यास्नाची आई बाळंतपणात गेली. राद्स्लावानेच तिला वाढवलं. दोन्ही भाऊ पहिल्यापासून एकाच घरात राहत; नवरा पडल्यावर ते घर धाकट्या दिराचं, वित्सानचं झालं. वित्सान हा यास्नाचा बाप, आणि भावामागे तोच गावच्या सभेचा प्रमुख. बापलेक दोघांनी पहिल्याच दिवशी बाप्तिस्मा घेतला होता.

आठवड्याभरात पाकोस्लावच्या मुलाशी, तोमिस्लावशी, यास्नाचं लग्न व्हायचं होतं. ह्या लग्नावर सगळा तह उभा होता. सरदाराची सून ज्या गावची, त्या गावात सैन्य राहणार नाही, गावाची सभा गावाकडे राहील. हे सगळं वित्सानने बोलून बोलून जुळवलं होतं.

"काय गं कुनेगुंदे, रडतेस काय?" राद्स्लावाने विचारलं. बाप्तिस्म्यात यास्नाला पडलेलं हे नाव म्हणजे आळीभर चेष्टेचा विषय होता. पोटात गुडगुडल्यासारखं वाटतं, असं शेजारीण म्हणायची.

"हळू, काकू. बाबा ओरडतील."

वित्सान दारातच उभा होता. रुंद खांद्यांचा, मान खाली घालून चालणारा माणूस. रात्रभर झोपला नसावा.

"ते नाव ह्या घरात घ्यायचं नाही, वहिनी. पुजारी मेला ज्या पाण्यात, त्या पाण्यातलं नाव. अपशकुनी आहे. आजपासून हिचं नाव आन्ना. कोणी विचारलं तरी आन्नाच सांगायचं."

"बरं, भावोजी," ती म्हणाली. इतका मोठा दिवस अंगावर आला असताना नावावरून कोण वाद घालणार?

"तुम्ही कुठे निघालात?"

"देवळात," राद्स्लावा म्हणाली. "नेमिरला विचारायला, की त्याने मारलं का."

३

पलीकडच्या टेकडीवरच्या लाकडी देवळासमोर नेमिर देवाच्या काळ्या घोड्याला खरारा करत होता. ह्या घोड्यावर कधी कोणी बसलं नव्हतं. त्याने कुठला पाय आधी उचलला ह्यावरून गाव युद्धाला निघायचं की नाही ते ठरे.

"या, राजाची बहीण," तो मागे न वळता म्हणाला. "भावाने पाठवलं का बिशपने?"

"माझी मी आले. मारलंस का त्याला?"

"वा! असं विचारतात होय? मला वाटलं आधी थोडं गोड बोलशील."

"वेळ नाही."

नेमिर हसला. दात पिवळे, पण हसू खरं. "हे बघ. मी मारला असता तर देवासमोर मारला असता, दिवसाढवळ्या, आणि छाती पुढे काढून सांगितलं असतं. आणि पिंपात? अगं, त्या पाण्यात मी बोट तरी बुडवेन का? त्यात मंत्र घातलाय त्यांनी. एकदा लागलं की माणूस त्यांचा झाला. परवा माझ्या बहिणीच्या अंगावर त्या पाण्याचे शिंतोडे उडाले, तर आम्ही तिला तीनदा धुरी दिली."

"तुझ्या माणसांपैकी कोणी?"

"माझी माणसं त्या टेकडीच्या वाऱ्यालासुद्धा उभी राहत नाहीत. भित्री नाहीत, पण त्या पाण्याला भितात. जा, विचार कोणालाही."

विचारायची गरज नव्हती. तिने स्वतः पाहिलं होतं, पिंपांचं पाणी ओतलेल्या चिखलाला वळसा घालून जाणारी माणसं. आणि यारोसला बुडवणाऱ्याचे हात खांद्यापर्यंत त्या पाण्यात गेले असणार. म्हणजे ज्याला त्या पाण्याची भीती उरली नव्हती असा कोणीतरी. एक तर छावणीतला जुना ख्रिस्ती, नाहीतर गावातला नवा.

"सरदार उद्या तुला मागतोय," ती म्हणाली.

"ऐकलं. गाव देणार नाही मला." खरारा थांबला. मग तो हळू आवाजात म्हणाला, "आणि म्हणून गाव जळेल. हे मलाही दिसतं, राद्स्लावा. मी वेडा नाही. तू शोध त्याला. पण एक सांगतो. काल दिवस मावळताना मी इथे उभा होतो. त्या पिंपांकडे तोमिस्लाव जाताना दिसला मला. सरदाराचा पोरगा. एकटा."

४

तोमिस्लाव नदीकाठी घोड्याला पाणी पाजत होता. कोवळं पोर, ओठावर जेमतेम मिशी. राद्स्लावाने सरळच विचारलं, काल संध्याकाळी टेकडीवर कशाला गेला होतास?

तो कानापर्यंत लाल झाला.

"बाबांना सांगू नका, ताईसाहेब. टेकडीवरून तुमच्या घराचं परसू दिसतं. लग्न ठरलंय, पण मी तिला अजून पाहिलंच नव्हतं. म्हटलं लांबून तरी बघावं."

"दिसली?"

"मासे साफ करत होती. मी हात केला, तर तिने माशाचं डोकं भिरकावलं माझ्याकडे." त्याला त्यातही आनंद झालेला दिसला. "नेम चांगला आहे."

"यारोस दिसला?"

"पिंपांपाशी उभा होता, कुणाची तरी वाट बघत. मला म्हणाला, घरी जा पोरा, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. असा कधी ठेवत नसे. विचारत होता, पहिल्या दिवशी तू धर्मपिता म्हणून उभा राहिलास ना? मी म्हटलं, हो."

राद्स्लावाने मान वर केली. "तू? कुणाचा?"

"काय माहीत. पहिल्या दिवशी नुसती झुंबड होती. गावात आधीचे ख्रिस्ती कोणी नाहीत, मग धर्मपिता, धर्ममाता आणायचे कुठून? आम्हा शिपायांनाच उभं केलं. मला बायकांच्या पडद्याबाहेर मेणबत्ती घेऊन. आतून एक ओला हात आला, मी त्या हातात पांढरा झगा दिला. यारोस म्हणाला, नाव दे. मी आईचं नाव दिलं. मग घोडे सुटले म्हणून मला बोलावलं, तेव्हा तेवढ्या एकीसाठीच उभा राहिलो."

"आईचं नाव काय तुझ्या?"

"कुनेगुंदा. तुमच्या आईकडच्या मुलखातली होती ती. आता नाही."

घोडा पाणी पीत राहिला.  गावात कुनेगुंदा एकच होती.

आई सांगायची ते तिला आठवलं. पाण्यापाशी जो मेणबत्ती धरून उभा राहतो, नाव देतो, तो देवाच्या घरात त्या जिवाचा बाप होतो. आणि बापाचं लेकीशी लग्न लागत नाही. रक्ताचं नातं असो नसो, चर्चला दोन्ही सारखंच. आईच्या माहेरी एक ठरलेलं लग्न एवढ्यावरून मोडलं होतं.

पाठ वळवून उभ्या यारोसलाही तेव्हा आत कोण आहे ते कळलं नसणार; लग्न जवळ आल्यावर नाव ऐकून कळलं. त्याची कठीण गोष्ट ती हीच. हे लग्न मोडावं लागणार होतं.

"पोरा," ती म्हणाली, "यास्नाचं बाप्तिस्म्याचं नाव तुला कोणी सांगितलं?"

"नाही. काय आहे?"

त्याने इतक्या उत्सुकतेने विचारलं की तिला खोटं बोलवेना. तिने सांगितलं. तोमिस्लावच्या हातातला लगाम गळून पडला, आणि तो तसाच काठावर बसला.

त्याला माहीत नव्हतं. असतं, तर त्याने आईचं नाव असं सहज उच्चारलंच नसतं. पाकोस्लाव? लग्न मोडलं तर त्याला गाव जाळायची मुभाच मिळत होती. यारोसचं तोंड बंद करून त्याचा फायदा काय? घाव ज्याच्यावर पडणार होता तो माणूस वेगळा.

आणि मग तिला सकाळचं दार आठवलं. पेजेचा वास. *आजपासून हिचं नाव आन्ना.*

पुजारी मेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, ज्याला त्या नावात लपलेलं लग्न मोडणारं नातं माहीत आहे, तोच ते नाव पुसायला निघेल. आणि ते नातं त्याला कोणी सांगितलं असेल, तर ते यारोसनेच. संध्याकाळी, पडद्यापाशी, धर्मपिता कुठे उभा होता ते दाखवत.

५

वित्सान मासे धुरवायच्या खोपटात होता. ओळीने टांगलेल्या बाम माशांखाली ओल्या लाकडाची ढलपी टाकत होता. तिला पाहून तो उठला नाही.

"बसा, वहिनी. सापडला का कोणी?"

"तोमिस्लावने मला त्याच्या आईचं नाव सांगितलं."

ढलपी हातातच राहिली. 

"मी पाय धरले त्याचे," वित्सान म्हणाला. "खरंच धरले. म्हटलं, फादर, तुमच्याशिवाय हे कोणालाच माहीत नाही. त्या पोराने तिला पाहिलं नाही, तिने त्याला पाहिलं नाही. मधे पडदा होता. तुम्ही गप्प बसलात तर काय बिघडलं? तर म्हणाला, मी दुभाषी आहे, मला जे माहीत आहे ते बिशपला सांगावंच लागतं. त्यातलं सोयीचं तेवढं सांगितलं, तर माझ्या एकाही शब्दाचा कोणाला भरवसा उरणार नाही." तो थांबला. "चांगला माणूस होता. रडत होता बोलताना. आणि मला वेशीतला दादा दिसला. खालची आळी दिसली. मी त्याची मानगूट धरली ती त्याला थांबवायला. फक्त थांबवायला. मग थांबवतच राहिलो."

"आणि उद्या नेमिर लटकला असता तेव्हा?"

त्याने हातातली ढलपी उलटसुलट करून पाहिली.

"सांगा ना, भावोजी. गाव वाचवत होता ना तुम्ही? नेमिर गावातलाच आहे."

"गाव त्याला देणार नाही, असं वाटलं. मग वाटलं, दिला तर दिला. मग वाटलं, हे मी काय विचार करतोय." त्याने ढलपी आगीत टाकली. "एकदा सुरू झालं की माणूस कुठवर जातो, वहिनी, हे मला कालपर्यंत माहीत नव्हतं."

ती त्याच्यासमोर लाकडाच्या ओंडक्यावर बसली. 

"माझ्याकडे का नाही आलात? यारोस गेला असता बिशपकडे, पण त्याच्या आधी मी गेले असते. मला त्या म्हाताऱ्याची भाषा येते. तुम्हाला ठाऊक होतं. यास्नाला झोपवताना मी त्याच भाषेत गायचे."

"ठाऊक होतं."

"मग?"

वित्सानने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "मनात आलं. यारोसला म्हणणार होतो, थांब, वहिनींना बोलावतो. पण तुम्ही राजाची बहीण. त्या क्षणी वाटलं, तुम्ही त्यांच्या बाजूने बोलाल."

वीस वर्षं एका चुलीवरचं खाल्लं होतं. राद्स्लावाने शालीचं टोक तोंडाशी नेलं, ते धुरासाठी की कशासाठी ते तिचं तिलाच कळलं नाही.

"उद्या सकाळी मी सभेत सांगणार आहे," ती उठत म्हणाली.

"नको," वित्सान म्हणाला. "मी सांगतो. तुम्ही फक्त त्यांच्या भाषेत सांगा. आणि काही गाळू नका."

६

ओकखाली सगळं गाव जमलं होतं. एका बाजूला पाकोस्लावचे स्वार, दुसऱ्या बाजूला नेमिरची माणसं, पिंपांपासून चांगली लांब. बिशप एका तिवईवर बसला होता. राद्स्लावा त्याच्या आणि गावाच्या मधे उभी राहिली, जिथे यारोस उभा राहायचा.

वित्सान बोलला.  ती प्रत्येक वाक्य आधी जर्मनमध्ये बिशपला सांगत होती, मग पोलिशमध्ये सरदाराला. *मी मानगूट धरली.* दोनदा. *मग थांबवतच राहिलो.* दोनदा. मऊ शब्द जिभेवर येत होते. "ढकललं" म्हणता आलं असतं, "झटापटीत पडला" म्हणता आलं असतं. पाकोस्लावला गावची बोली अर्धीमुर्धीच कळायची, बिशपला अजिबात नाही. कोणाला कळलं नसतं. तिने एकही शब्द बदलला नाही.

यास्ना गर्दीत उभी होती. ती रडत नव्हती. बापाकडे अशी बघत होती, जणू तो खूप लांबच्या होडीत आहे.

बोलणं संपलं. बिशपने विचारलं, "मुलीला पाण्यातून कोणी उचललं?"

राद्स्लावाने विचारलं.

"कोणी नाही," यास्ना म्हणाली. "सगळ्या गडबडीत होत्या. मीच चढून बाहेर आले. पाणी गार होतं."

बिशपने आपल्या हातांकडे पाहिलं. मग सावकाश, थांबून थांबून बोलला, आणि राद्स्लावाला प्रत्येक वाक्य तोंडातून बाहेर ढकलावं लागलं.

"तो म्हणतो, मेणबत्ती धरणं आणि झगा देणं ह्याने बाप होतो का, ह्यावर आमच्यातच दोन मतं आहेत. पाण्यातून उचलणारा तो बाप, असं कित्येक मानतात. तो म्हणतो, मी लग्नाला हो म्हटलं असतं असं मी म्हणत नाही. पण मी विचार केला असता. गरज पडली तर रोमला विचारलं असतं. हे मला कोणीतरी विचारायला हवं होतं."

वित्सान उभा होता तिथेच खाली बसला. कोणी ढकलल्यासारखा.

पाकोस्लाव पुढे झाला. "ताईसाहेब, म्हाताऱ्याला सांगा. खुनी ह्यांच्या सभेचा प्रमुख निघाला. आता तर ह्यांचं एक घर उभं ठेवायचं कारण नाही. लग्नही गेलं, तहही गेला."

तिने सांगितलं. बिशप गुडघ्यांवर हात टेकून उठला, आणि त्याने दिलेलं उत्तर सरदाराला सांगताना राद्स्लावाच्या आवाजात दोन दिवसांत पहिल्यांदा जीव आला.

"तो म्हणतो, मारला गेला तो बिशपचा माणूस, आणि माफ करायचं की नाही तेही आधी बिशपनेच ठरवायचं. गुन्हेगाराला राजाकडे न्या; सोबत बिशपचा एक पुजारी येईल आणि वित्सानच्या जिवासाठी रदबदली करेल. गावाने त्याला लपवलं नाही, तो स्वतः उभा राहिला. आणि बिशप म्हणतो, आजपासून तो टेकडीवरच्या तंबूत राहणार नाही. गावात राहायला येतोय, वित्सानच्याच घरात. म्हातारा आहे, झोप गाढ लागते. तेव्हा गाव पेटवायचं असेल तर आधी त्याला उठवा, म्हणतो."

मागे कोणीतरी फसकन हसलं. नेमिरच असावा. पाकोस्लावच्या नाकावरची रेघ पांढरी पडली. पण राजाने बोलावून आणलेल्या बिशपच्या अंगावर छप्पर जाळण्याइतका तो मूर्ख नव्हता. त्याने लगाम ओढला.

७

राय कापायच्या आधी स्वार नदीपार गेले. राजाचा एक अधिकारी गावाजवळच्या किल्ल्यात राहिला, गावाची सभा गावाकडे राहिली. तहापेक्षा कमी, आगीपेक्षा पुष्कळ जास्त. तोमिस्लाव जाताना यास्नाच्या दारापर्यंत आला, आणि डोकं लववून निघून गेला. ती आतून पाहत होती. तिने दार उघडलं नाही.

पानगळ सुरू झाली तेव्हा बातमी आली. राजाने वित्सानचा जीव राखला होता. दक्षिणेकडे डोंगरातल्या एका मठात त्याला ठेवलं होतं, तळ्यातले मासे पकडायला. तिथे त्याची बोली कळणारं कोणी नव्हतं.

बिशपची बोट धक्क्याला तयार होती. निरोप द्यायला बरेच जण आले. नेमिर आला नाही, पण त्याने खारवलेल्या माशांचं एक पिंप पाठवलं होतं. यास्ना गर्दीतून वाट काढत पुढे आली.

"काकू, त्यांना एक विचार. फादर यारोससाठी आणि बाबांसाठी एकाच वेळी प्रार्थना केली तर चालते का? की आधी एकाची, मग दुसऱ्याची? आणि आधी कुणाची?"

राद्स्लावाने विचारलं. म्हाताऱ्याने उत्तर द्यायला तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मग तो बोलू लागला आणि बोलतच राहिला. यारोसबद्दल, जो तरुणपणी त्याच्याकडे एक भाषा घेऊन आला आणि बाकीच्या शिकला. त्या संध्याकाळबद्दल, जेव्हा तो दमला होता आणि त्याने विचारलं नाही, कुणाकडे चाललास.  नावाड्याने दोर सोडला तरी तो बोलत होता.

"काय म्हणाला?" यास्नाने विचारलं.

"चालते म्हणाला."

"एवढं बोलला, आणि तू एकच शब्द सांगतेस?"

राद्स्लावाने तिच्या खांद्यावरची शाल नीट केली. बोट नदीच्या मधोमध पोचली होती.

"बाकीचं तो स्वतःशी बोलत होता," ती म्हणाली.